तायडेकाका, मधल्या प्लेटा कोऱ्याच होत्या

“माणूस देव होता बापा. फक्त त्या अकोल्याच्या तारांनी नाव घालवलं त्याचं.”

“वय झालतं ना. प्लस मायनसले जोडलं असन.”

माझ्या मागच्या रांगेत कॉलेजातली दोन माणसं हळू आवाजात हे बोलत होती, तायडेकाका, आणि समोर टेबलावर तुमचा फोटो होता. परवाची गोष्ट. बडनेऱ्यात तुमच्या घरापुढं, तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाचा मांडव टाकला होता. बुद्धवंदना नुकतीच संपली होती. पंख्याच्या वाऱ्यानं मेणबत्त्या विझत होत्या आणि तुमची लेक सुजाता त्या पुन्हा पुन्हा पेटवत होती. मग ती पाण्याचे ग्लास घेऊन रांगांतून फिरू लागली. मागून ते वाक्य आलं तेव्हा ती नेमकी माझ्यासमोर ट्रे धरून उभी होती.

तिनं ऐकलं. तिनं मागं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. त्या दिवशी अकोल्यात मी तुमच्याबरोबर होते, हे तिला ठाऊक आहे.

मी ग्लास उचलला आणि पाणी पिऊ लागले. तोंडात पाणी असलं की बोलावं लागत नाही. ही माझी जुनी युक्ती तुम्ही पहिल्याच महिन्यात पकडली होती. “म्याडम, तुमचा चहा संपतच कसा नाई? काई विचारलं का तुमी घोट घेता.”

सुजाता पुढं गेली. मी तिसऱ्या रांगेत मधोमध बसले होते. डावीकडं चार जण, उजवीकडं चार जण, मागं ते दोघं, आणि पहिल्या रांगेत माझे गाइड, सर. उठून जायचं तर निदान चौघांना गुडघे बाजूला घ्यायला सांगावं लागलं असतं. मला तेही जमलं नसतं.

तारा तुम्ही चुकवल्या नव्हत्या. हे तीन माणसांना माहीत होतं. तुम्हाला, मला आणि सरांना. आता दोघंच उरलो आहोत, आणि दोघंही त्या मांडवात गप्प बसलो होतो.

मी एम.टेक.साठी तुमच्या लॅबमध्ये आले तेव्हा माझ्याकडं एक फाइल होती आणि तुमच्याकडं किल्ल्या. मी तुम्हाला माझा प्रोजेक्ट इंग्रजीत सांगितला. तुम्ही पूर्ण ऐकून घेतलात आणि म्हणालात, “म्हंजे पाण्यात प्लेटा बुडवायच्या, करंट सोडायचा, आन् घाण वर आणायची. असंच ना?” असंच. दोन वर्षं मी जे काही शिकले ते या एका वाक्याच्या बाहेर फारसं गेलं नाही. ॲल्युमिनियमची प्लेट करंटनं हळूहळू पाण्यात विरघळते, विरघळलेलं ॲल्युमिनियम घाणीचे बारीक कण धरून त्यांचे गठ्ठे करतं, आणि दुसऱ्या प्लेटवरून सुटणारे बुडबुडे ते गठ्ठे वर उचलून आणतात. तुम्ही त्या वरच्या थराला साय म्हणायचात. “साय धरली पा,” असं तुम्ही म्हणालात की प्रयोग यशस्वी. माझ्या वहीत आकडे भरायच्या आधी मला तुमच्या तोंडून ते ऐकायची सवय लागली होती.

पहिल्या दिवशी तुम्ही मला उभं राहायला शिकवलंत. पॅनलजवळ जाताना एक हात पाठीमागं. “करंटाले दोन टोकं लागतात म्याडम. एका हातानं शिरला का दुसऱ्या हातानं निघाले पायते, आन् मधात छाती असते. तुमी त्याले दुसरं टोक देऊच नका.” मी ते इतकं मनावर घेतलं की लॅबच्या बाहेरही तशीच उभी राहू लागले. एकदा कँटीनमध्ये तुम्ही हसलात. “अवं, इथं कुठी करंट हाय? सोडा तो हात.” तुम्हाला ती सवय नवी वाटली. खरं तर मी लहानपणापासून तशीच उभी आहे, काका. कुणालाच दुसरं टोक द्यायचं नाही.

आपलं एक भांडण तर अर्धंच राहिलं. तुम्ही म्हणायचात, करंट सोप्या वाटेनं जातो. मी म्हणायचे, नाही काका, तो सगळ्या वाटांनी एकदम जातो. सोप्या वाटेनं जास्त, अवघड वाटेनं कमी, पण अवघड वाट तो अगदी सोडून देत नाही. हे मी तुम्हाला फळ्यावर लिहून दाखवलं होतं. तुम्ही डस्टर उचललंत. “मंग माणसापेक्षा बराच म्हणा ना,” एवढं बोलून फळा पुसून टाकलात.

मधल्या प्लेटांवरून तर तुम्ही मला रोज चिडवायचात. आपल्या पेटीत सहा प्लेटा होत्या आणि तारा फक्त पहिलीला आणि सहावीला. मधल्या चार नुसत्याच पाण्यात उभ्या. त्यांना कुठलीच तार नाही, तरी कडेच्या दोघींमधून करंट निघाला की तो या मधल्यांतूनही जातो, आणि प्रत्येक मधली प्लेट एका अंगानं प्लस होते, दुसऱ्या अंगानं मायनस. तारेशिवाय काम करते. तुम्ही त्यांना बिनपगारी म्हणायचात. “आपल्या बिनपगारी कशा चालून राहिल्या आज?” मी एकदा धीर करून म्हटलं, “काका, मीसुद्धा बिनपगारीच आहे.” तुम्ही इतके मोठ्यानं हसलात की शेजारच्या लॅबमधून कुणीतरी डोकावलं. मी कुणाला हसवलं आहे असं फार वेळा झालेलं नाही. तो दिवस मला आठवतो.

आणि मग अकोला.

तिथल्या एका दालमिलमध्ये डाळीचं धुवण नुसतंच नालीत जात होतं. पांढरं, आंबूस वासाचं, ताकासारखं पाणी. मिलचे शेठ सरांच्या ओळखीचे. आपलं यंत्र मोठ्या टाकीत लावून दाखवायचं ठरलं. ड्रॉइंग मी काढलं. लॅबमध्ये जसं होतं तसंच, फक्त मोठं. दहा प्लेटा, तारा फक्त पहिलीला आणि दहावीला.

तुम्ही टाकीजवळ जायच्या आधी मिलच्या नळाजवळ गेला होतात. तोटीवर पांढरा थर जमला होता. तुम्ही नखानं तो खरवडलात, बोटावर घेऊन जिभेला लावलात. “म्याडम, हे बोरचं पाणी खारं हाय. आमच्या गावच्यावानी.” तुमचं गाव मूर्तिजापूरच्या पलीकडं, खारपाणपट्ट्यातलं. तिथं पाणी चाखून पाहणं लहान पोरालाही येतं. मला तोपर्यंत खारं पाणी म्हणजे एक आकडा होता.

“मीठ असलं तर चांगलंच काका,” मी म्हटलं. “करंट सहज जाईल. व्होल्टेज कमी लागेल.”

“जाईन ना. पण जाईन कुठून?”

मला तो प्रश्नच समजला नाही. मी तुम्हाला ड्रॉइंग दाखवलं. जे समजत नाही त्याच्यासमोर कागद धरायचा, ही माझी दुसरी युक्ती. तुम्ही चष्मा वर करून ते पाहिलंत. टाकीत हात घालून प्लेटांच्या खाली वीतभर मोकळी जागा आहे ती मोजलीत, कडेनं मोकळी जागा आहे ती मोजलीत. मग म्हणालात, “तुमी म्हणता तं तसं,” आणि ड्रॉइंगप्रमाणे दोन तारा लावल्यात.

करंट सोडला आणि मीटरचा काटा छान वर गेला. लॅबमध्ये कधी गेला नव्हता इतका. सर शेठना मीटर दाखवत होते. मलाही आनंद झाला होता. पहिल्या आणि शेवटच्या प्लेटजवळ बुडबुडे उसळत होते, ब्लीचिंग पावडरसारखा वास सुटला होता. तुम्ही मात्र मीटरकडं पाहतच नव्हता. तुम्ही टाकीच्या मधोमध पाहत होता. तिथं पाणी अगदी निवांत होतं. मी तुमच्या तोंडाकडं पाहत होते, साय धरली असं तुम्ही कधी म्हणता याची वाट बघत. तुम्ही म्हणाला नाहीत.

अर्ध्या तासानं शेठ वाकून म्हणाले, “साहब, बिजली तो पूरी खा रही है. पानी वैसे का वैसा.”

सरांचा चेहरा उतरला. मिलमधली सात-आठ माणसं भोवती उभी. सरांनी आपल्याकडं वळून विचारलं, “कनेक्शन कोणी केलंय?”

ड्रॉइंगची फाइल मी छातीशी धरली होती. तोंड उघडलं होतं, हे मला नक्की आठवतं, कारण ब्लीचिंगचा वास जिभेवर आला. शब्द नाही आला. आणि माझ्या शेजारून तुमचा आवाज आला.

“म्या केली, सर. जोडणी म्या केली.”

खोटं नव्हतं ते. हात तुमचेच होते, जोडणी माझ्या ड्रॉइंगमधली होती. सरांनी आणखी काही विचारलंच नाही. त्यांना उत्तर मिळालं होतं, शेठनाही मिळालं होतं. माझं तोंड मी मिटलं.

परत येताना मूर्तिजापूरजवळ गाडी चहाला थांबली. सर फोनवर होते. तुम्ही दोन चहा सांगितलेत, एक माझ्यासमोर ठेवलात आणि म्हणालात, “घ्या. घोट घ्या.” तुम्ही ते टोचायला म्हणाला होतात की मायेनं, हे मी तेव्हापासून ठरवते आहे. तुमच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

रिपोर्ट मी लिहिला. इंग्रजीत. काका, कॉलेजात आम्हाला शिकवलेलं असतं की प्रयोगाच्या वहीत ‘मी’ लिहायचं नाही. पाणी घेतलं गेलं, प्लेटा बुडवल्या गेल्या, करंट सोडला गेला. करणारा कुठंच नाही. तसंच मी लिहिलं, जोडणीत त्रुटी आढळली. त्यावरून ऑफिसनं मराठीत पत्र काढलं, आणि मराठीत येताना त्यात दोन शब्द वाढले. ‘तांत्रिक कर्मचाऱ्याच्या जोडणीत त्रुटी आढळली.’ तुमची लॅब गेली. तुम्हाला स्टोअरला बसवलं.

तुम्ही ते पत्र घेऊन माझ्याकडं आलात. रागावलेले नव्हता, निदान तसं दिसत नव्हतं. पत्रावर बोट ठेवून विचारलंत, “म्याडम, हे ‘आढळली’ म्हंजे काय? हरवली होती का कुठी?”

मी काहीतरी पुटपुटले. रिपोर्टची तशी पद्धत असते, इंग्रजीत तसंच लिहितात.

“तुमच्या इंग्रजीत माणसंच नाईत का मंग? सगळं आपोआपच होऊन राहिलं?”

मला ‘म्या’ हा शब्द आठवला तेव्हा. पाच-सहा वर्षांची असेन. गल्लीत खेळून आले आणि आईला म्हणाले, म्या नाही पाडलं. आईनं हात धरून सांगितलं, म्या नाही, मी म्हण. मी म्हटलं. मग शाळेनं ‘मी’चं इंग्रजी ‘आय’ केलं, आणि कॉलेजनं ‘आय’ही काढून घेतला. तुम्ही पत्र घडी करून खिशात ठेवत होता आणि मी उभी होते, एक हात पाठीमागं.

स्टोअरच्या खिडकीला जाळी आहे. तुम्ही जाळीच्या आत, मी बाहेर. अकोल्याच्या प्लेटा परत आल्या त्या जमा करायच्या म्हणून मी घेऊन आले, तर तुम्ही त्या जमा करून घेईनात. “आधी पुसा. मंग पा.” मी पुसल्या. पहिली आणि दहावी खाल्लेल्या होत्या, भोकं पडायची बाकी. मधल्या आठ कोऱ्या. दुकानातून आणल्या तशा चकचकीत, तुमच्या पेन्सिलचे आकडेसुद्धा पुसले गेले नव्हते. मी वजन करून पाहिलं. जवळजवळ काहीच गेलं नव्हतं.

“मीटर तर पूर्ण दाखवत होतं काका,” मी म्हटलं.

तेव्हा तुम्ही जाळीच्या आतून मला टोलनाका सांगितलात. मी तो माझ्या शब्दांत सांगत नाही. तुमच्याच शब्दांत माझ्या वहीत आहे.

“हे पा. हायवेनं जा तं टोल लागते. खेड्यातून आडरस्ता हाय, तकडून टोल नाई. पण रस्ता खराब असन तं ट्रकवाला काय करन? मुकाट्यानं टोल देईन. आता समजा कोणी तो आडरस्ता गुळगुळीत करून देल्ला. मंग? सारे ट्रक तकडूनच. तुमच्या मधल्या प्लेटा म्हंजे टोलनाके. गोड्या पाण्यात आडरस्ता खराब असते, म्हून करंट प्लेटांतून जाते. खारं पाणी म्हंजे डांबर टाकलेला आडरस्ता. प्लेटांच्या खालून, बाजूनं, सरळ या टोकाचा त्या टोकाले. आन् तुमचं मीटर रस्त्याच्या तोंडाशी, बडनेऱ्यात बसून मोजते. किती ट्रक निघाले ते सांगते. कुठून गेले ते नाई सांगत.”

मी जाळीला धरून उभी राहिले. जाईन कुठून, असं तुम्ही नळाजवळ विचारलं होतं ते हेच. प्रत्येक मधल्या प्लेटपाशी करंटला टोल म्हणून थोडा व्होल्टेज मोजावा लागतो, पाणी कितीही खारं असलं तरी तो कमी होत नाही. आडवाट मात्र मिठानं स्वस्त होत जाते. मला हे सूत्रांसकट येत होतं. वापरायचं सुचलं नाही.

“म्हणजे मीटर खोटं बोलत होतं,” मी म्हटलं.

“खोटं नाई बोलून राहिलं. अर्धं सांगून राहिलं.” तुम्ही माझ्याकडं न पाहता म्हणालात, आणि प्लेटा जमा करून घेतल्यात.

पुढचे दोन महिने मी त्या खिडकीवर येत राहिले. खाली आणि बाजूला खाचा पाडून प्लेटा टाकीत घट्ट बसवायच्या, म्हणजे आडवाट बंद, हे तुम्ही सांगितलंत. मीठ घालून लॅबमध्ये केलं, साय धरली. पण ती धरली असं म्हणायला तिथं कुणी नव्हतं. मी एकटीनं पाहिली आणि आकडे लिहिले. प्लेटांवर थर बसतो म्हणून मधून मधून तारांची उलटापालट करायची, तेही तुमचंच. “आजारी माणसाले एकाच कुशीवर निजवत नाईत. कूस बदलून द्या.” माझ्या प्रबंधात त्या सगळ्याचं एक प्रकरण झालं आहे. सर म्हणाले, सगळ्यात चांगलं प्रकरण तेच. आभाराच्या पानावर ‘तांत्रिक कर्मचारी’ असं आहे. नाव घालू का, मी सरांना विचारलं होतं. सर वाईट नाहीत, काका, हे तुम्हीही म्हणायचात. ते एवढंच म्हणाले, “नाव घातलं की अकोल्याचा विषय निघतो. मग तो रिपोर्ट चुकीचा ठरतो, त्यावर तुझी सही आहे. सबमिशन तोंडावर आलंय, आता गुंता नको. तायडे समजूतदार माणूस आहे.”

मी मान हलवली.

तुम्ही माझ्याकडं एकदाच काही मागितलंत. सुजाता आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं शिकते. तिच्या वर्गातल्या कुणाचा तरी काका आपल्या कॉलेजात आहे. प्रॅक्टिकलला ती बोर्डापुढं उभी राहिली की मागून आवाज येतो, हिच्या बापाले प्लस-मायनस समजत नाई. हे तुम्ही मला सांगितलंत ते जाळीतून पावती देता देता, मान खाली घालून.

“एक ओळ लिहून देजा म्याडम. मले नको. ऑफिसलेई नको. पोरीले दाखवाले. बस, एक ओळ.”

“सबमिशन झालं की नक्की देते, काका.”

“हो जी. सावकाश.”

ती ओळ मी त्याच दिवशी घरी लिहायला बसले होते. खरंच बसले होते. पहिल्यांदा इंग्रजीत आली, त्यात मी नव्हते. मग मराठीत लिहिली, ‘अकोल्याच्या जोडणीत झालेली चूक तायडे यांची नव्हती.’ मग कुणाची, हा प्रश्न पुढच्या ओळीत उभा राहतो. तिथं पेन थांबलं. कागद फाइलमध्ये ठेवला. सबमिशन अजून आठ दिवसांवर आहे आणि तुम्ही वाट पाहायचं थांबवलंत.

मला तुमचा रागसुद्धा आला, सांगून टाकते. तुम्ही अकोल्यात एवढ्या लवकर का बोललात? आणखी एक मिनिट थांबला असतात तर कदाचित मी बोलले असते. सर माझ्याकडं वळले असते, मला फाइल उघडावी लागली असती. तुम्ही मला वाचवलंत आणि मी त्या वाचवण्यात अडकून बसले. मग वाटतं, तुम्हाला माहीत होतं की मिनिट दिलं असतं तरी मी बोलले नसते. ते सगळ्यांपुढं दिसू नये म्हणून तुम्ही घाई केलीत. हे विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर तुम्ही उत्तर न देता किल्ल्या शोधायला लागला असतात.

आणि परवा मांडवात माझ्या हातातला ग्लास रिकामा झाला.

तुमच्या वस्तीतले एक गुरुजी उभे राहून म्हणाले, कोणाला तायडेसाहेबांबद्दल चार शब्द बोलायचे असतील त्यांनी बोलावं. तुमचे शेजारी बोलले. समाजमंदिराची वायरिंग तुम्ही कशी एकट्यानं केलीत, ते सांगितलं. मग सर उठले. चांगलं बोलले ते. प्रामाणिक माणूस, मनमिळाऊ माणूस. “चुका कोणाच्या होत नाहीत,” असंही म्हणाले, तुमची बाजू सावरायला. मागच्या रांगेतला एक जण “बरोबर हाय” म्हणाला. काकू पहिल्या रांगेच्या कडेला बसल्या होत्या, पदर तोंडाशी धरून. सुजाता मेणबत्त्यांजवळ उभी होती. काडेपेटी तिच्या हातात होती आणि ती पेटवत नव्हती.

गुरुजींनी विचारलं, “आणखी कोणी?”

मी उठणार नव्हते, काका. तुमच्याशी खोटं बोलून उपयोग नाही. मी खाली पाहत होते. रिकामा ग्लास कुठं ठेवावा ते कळत नव्हतं, आणि तो ठेवायला म्हणून मी वाकले, तेव्हा शेजारच्या बाईंना वाटलं मला उठायचं आहे. त्यांनी गुडघे बाजूला घेतले. त्यांच्या पलीकडच्यांनीही घेतले. बघता बघता चार माणसांनी वाट करून दिली आणि सगळा मांडव माझ्याकडं पाहू लागला. मी उभी राहिले.

एक हात पाठीमागं गेला होता. मी तो पुढं आणला. दोन्ही हातांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

“मी तायडेकाकांच्या लॅबमध्ये होते,” मी म्हटलं. “अकोल्याला... अकोल्याला जोडणीत चूक झाली होती.”

वाक्य बाहेर पडलं आणि मला तुमचा आवाज ऐकू आला. सगळं आपोआपच होऊन राहिलं? मागं कुणीतरी खुर्ची सरकवली. सुजाता माझ्याकडं पाहत होती, मघाशी ट्रे धरून पाहिलं होतं तशीच. सर अर्धे वळले होते, भुवया उंचावून. मी त्यांच्याकडं पाहिलं. नीट मराठीत सांगायचं ठरवत होते, पण तोंडात आला तो तुमचाच शब्द, आईनं हात धरून माझ्याकडून सोडवून घेतलेला.

“झाली नव्हती,” मी म्हटलं. “म्या केली, सर. ती जोडणी म्या केली.”